निंब साबणाच्या पाण्याने मेला नाही

जे सांगायचं ते आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं कोणी वाचलं नाही तरी चालेल. आमच्या दारातला कडुनिंब शेजारच्या सिस्टरने टाकलेल्या पाण्याने वाळला नाही. तो मी मारला. भांड्यांच्या किंवा धुण्याच्या पाण्याने एवढा मोठा निंब मरत नाही. हे मला त्या दिवशीही माहीत होतं. माझी सगळी नोकरी झाडांच्या खात्यात गेली आहे.

मी मूळचा पिंपळगाव राजाकडचा. जळगाव जामोदला बदली झाली ती सातपुड्याच्या पायथ्याच्या एका रोपवाटिकेवर. माती चाळायची, पिशव्या भरून घ्यायच्या, बी टाकायचं, उन्हाळाभर रोपं जगवायची आणि पावसाळ्यात वाटायची. वाटताना भाषण द्यावं लागे. शाळेत, ग्रामसभेत, बचत गटाच्या बायकांपुढे. भाषण एकच होतं. घराच्या पश्चिमेला झाड लावा, भिंत तापणार नाही, कूलर कमी लागेल, बिल कमी येईल. झाडाखालची जमीन पाणी पिते, बोअर टिकतो. उद्या घर विकायला काढलं तर झाड असलेल्या घराला गिऱ्हाईक आधी येतं. खात्याच्या पुस्तिकेत आकडेही होते, ते मी फळ्यावर लिहायचो. आता ते आठवत नाहीत. आठवले असते तरी माझ्या हाताने लिहिले नसते.

जळगाव जामोदमधलं आमचं घर पश्चिमाभिमुख. दारात निंब लावला तो बायकोने. वाटप संपल्यावर एक वाकडं रोप उरलं होतं, ते मी घरी आणलं होतं. तिने ते काठीला बांधून सरळ केलं. दहा-बारा वर्षांत त्याची सावली पुढच्या खोलीवर आली. पुढे ओट्यावर आली, मग रस्त्यावर. भाजीवाला दुपारी तिथे गाडी लावायचा आणि उठताना बायकोच्या हातात कोथिंबिरीची जुडी ठेवायचा. ती निंबोळ्या वेचून वाळवायची आणि भावाच्या कपाशीवर फवारायला रोहिणखेडला पाठवायची. गव्हाच्या कोठीत निंबाचा पाला घालायची. वैशाख लागल्याशिवाय आमच्याकडे कूलर उतरत नसे. भाषणात मी सांगत होतो ते सगळं माझ्या दारात उभं होतं, आणि त्याचं श्रेय लोक मला द्यायचे.

आमच्याकडे नळ आठव्या-दहाव्या दिवशी येतो आणि बोअरचं पाणी खारं. झाडांना पाणी घालायचं कुठून, असं गल्लीतल्या बायका विचारायच्या. मीच त्यांना सांगितलं की मोरीचं पाणी नालीत घालवू नका, झाडाला द्या. कपडे खळबळलेलं, भांडी विसळलेलं, भाजी धुतलेलं, सगळं चालतं. गल्लीने ऐकलं. प्रत्येक दारात काही ना काही उभं राहिलं. कुणाकडे शेवगा, कुणाकडे लिंबू, कुणाकडे बदाम.

उजव्या हाताला सिस्टरचं घर. त्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणते. नवरा एसटीत ड्रायव्हर होता, तो लवकर गेला. माझी बायको आणि त्या यांचं फार जमायचं. त्यांच्या अंगणात फरशी होती, मोठ्या झाडाला जागा नव्हती. तेव्हा बायकोच त्यांना म्हणाली होती, "सिस्टर, पाणी नालीत काऊन घालता? आमच्या निंबाले द्या. सावली तं तुमच्याही ओट्यावर येते."

त्यावर सिस्टर म्हणाल्या, "देते ना वहिनी. भाडं समजा सावलीचं."

तेव्हापासून रोज अकराच्या सुमाराला सिस्टरची बादली निंबाच्या आळ्यात रिकामी व्हायची. पुढे त्या निवृत्त झाल्या तरी वेळ बदलली नाही.

मग समोरचा रस्ता रुंद झाला. बसगाड्या आमच्या गल्लीच्या तोंडावरून जाऊ लागल्या. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, पुढे दोन गाळे काढा, भाडं येईल, म्हातारपणी बरं. दलालानेही येऊन पावलांनी जागा मोजली. निंब बरोबर मधे येत होता.

बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "गाळे मांगं काढा."

"मांगं रस्ता कोठी आहे?"

"मंग नका काढू."

विषय तिथेच संपला. ती भांडली नाही, आवाजही चढवला नाही. परवानगीसाठी नगरपालिकेत अर्ज करणं मला जमलं नसतं. तिथला प्रत्येक कारकून मला ओळखत होता. त्यांच्या मुलांच्या शाळेत मी भाषणं दिली होती. उभा, हिरवा निंब तोडायची परवानगी मी कोणत्या तोंडाने मागणार? वाळलेल्या झाडाची मात्र परवानगी लगेच मिळते. हे मला ठाऊक होतं, कारण असे कागद वर्षानुवर्षं माझ्या टेबलावरून गेले होते.

गणपती उठल्यावर बायकोच्या भावाचं ऑपरेशन झालं आणि ती आठ दिवस रोहिणखेडला गेली. मी गिरमिट काढलं. बुंध्याजवळची घराकडची माती दूर केली आणि जमिनीच्या खाली, तिरपी, पाच भोकं पाडली. त्यांत काय भरलं ते लिहीत नाही. वाचून कोणी तेच करेल. ओल्या मातीने तोंडं बंद केली आणि आळं होतं तसं सारखं केलं. दिवसाउजेडी केलं. रस्त्याने जाणाऱ्या एकाने विचारलंही, "काय साहेब, खत देऊन राह्यले काय?" मी हो म्हणालो. मग हातपाय धुतले, भाकरी खाल्ली आणि झोपलो. मनात काही आलं असेल तर ते आज आठवत नाही.

दसऱ्याला शेंड्याची पानं पिवळी पडली. दिवाळीपर्यंत अर्धं झाड उघडं झालं. निंब पानं गाळतो ती थंडी सरताना, दिवाळीला नव्हे, एवढं बायकोलाही कळत होतं. तिने मला झाडाखाली बोलावलं.

"पाहा बरं काय झालं. तुमच्या खात्यात काय म्हणतात याले?"

मी खुरपं घेऊन बसलो. भोकं होती त्याच्या उलट बाजूला उकरलं. तिथली माती पांढुरकी होती. ती खाऱ्या पाण्याची होती, आमच्या भागात सगळीकडे तशीच असते. मी ती चिमटीत धरली, वास घेतला, एक बारीक मूळ तोडून पाहिलं. तोवर गल्लीतले चार-पाच जण जमले होते. सिस्टरही होत्या. अकरा वाजले होते, बादली त्यांच्या हातात होती.

मी म्हणालो, "साबणाचा खार बसला. मुळं जळली."

बायको म्हणाली, "पण तुमीच तं सांगतलं होतं, धुण्याचं पाणी चालते म्हणून."

"थोडं चालते. हे रोजचं झालं. आताची पावडरही पह्यल्यासारखी नाई राह्यली."

सिस्टरने बादली खाली ठेवली. "म्हंजे माह्यानं झालं का, भाऊ?"

"तुमचा काय दोष? तुमाले काय मालूम?"

मी हे दिलासा दिल्यासारखं म्हणालो. दोष पक्का झाला तो याच वाक्याने.

डाव्या हाताच्या घरात एक निवृत्त गुरुजी राहतात. बोलायला फटकळ. ते म्हणाले, "सिस्टर, सगळ्या नोकरीत एक पेशंट मारला नाही तुम्ही, आणि रिटायर झाल्यावर झाडावर हात साफ केला?"

सगळे हसले. सिस्टरही हसल्या. भरलेली बादली उचलून त्या परत गेल्या आणि ते पाणी त्यांनी नालीत ओतलं. आम्हा सगळ्यांना तो आवाज ऐकू आला.

बायको त्यांच्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. भांडण मिटतं. ती फक्त बोलायची थांबली. निंब तोडणारे आले त्या दिवशी ती मागच्या खोलीत तांदूळ निवडत बसली होती. करवत थांबली तेव्हा बाहेर आली, उजेडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "किती ऊन आहे आपल्या घरात." बुंध्याची भोकं कुणाला दिसू नयेत म्हणून मी खोड जमिनीखालपर्यंत खणून काढायला लावलं होतं आणि ते लगेच वखारीत पाठवलं.

पुढे जे झालं ते मी हिशेबात धरलं नव्हतं. गल्लीने माझं पुन्हा ऐकलं. झाडांच्या साहेबाचा निंब जर साबणाने मेला तर आपल्या लिंबाचं काय, असं बायका बोलू लागल्या. गुरुजींनी त्यांच्या मोरीचा पाइप उचलून नालीत वळवला. बाकीच्यांनीही तेच केलं. नळाचं पाणी झाडाला देण्याइतकं कुणाकडेच नव्हतं. त्या उन्हाळ्यात दोन शेवगे आणि एक लिंबू गेलं. पुढच्या उन्हाळ्यात बदाम गेला. सिस्टरने कुंडीतला कढीपत्ता लोकांना वाटून टाकला. आमच्या गल्लीत आज एकाही दारात सावली नाही. मी मारला एकच, पण गेली ती सगळी माझ्या खात्यावर आहेत.

गाळे झाले. तोंड पश्चिमेला. एकात मोबाइलवाला आला, एकात झेरॉक्सवाला. दुपारी दोननंतर शटरला हात लावता येत नसे. झेरॉक्सवाला म्हणायचा, "काका, कागद मशीनमधी जायाच्या आंधीच गरम होऊन राह्यला." त्याने हिरवी जाळी बांधली, पंखा वाढवला, आणि अक्षय्य तृतीयेला गाळा सोडला. मोबाइलवाला आणखी एक वर्ष टिकला. आमच्या पुढच्या खोलीत आधी दुसरा कूलर आला, मग एसी. बिल आलं की बायको ते मोठ्याने वाचायची आणि माझ्यापुढे ठेवायची. टोमणा नव्हता त्यात. तिला चष्म्याशिवाय आकडे नीट दिसत नसत, म्हणून खात्री करून घ्यायची. घर विकायचाही एकदा विचार केला. खामगावहून एक जण भर दुपारी पाहायला आला. गाडी लावायला त्याने सावली शोधली, ती मिळाली नाही. गाडी चालूच ठेवून त्याने घर पाहिलं. किंमत त्याने विचारलीच नाही.

मग बायको आजारी पडली. रोज एक इंजेक्शन घ्यायचं होतं, पंधरा दिवस. भिंतीपलीकडे आयुष्यभर इंजेक्शनं दिलेली बाई बसली होती. मी म्हणालो, सिस्टरला बोलावतो. ती म्हणाली, "तिच्या हातचं नको." आम्ही रोज रिक्षाने दवाखान्यात जायचो. जाताना सिस्टर ओट्यावर असायच्या. त्या उठून उभ्या राहायच्या आणि आम्ही गेल्यावर बसायच्या. त्या पंधरा दिवसांतल्या कोणत्याही दिवशी मी रिक्षात खरं सांगू शकलो असतो. रस्ता दहा मिनिटांचा होता. मी रिक्षावाल्याला खड्डे सांगत राहिलो.

ती गेली त्याला आता काही वर्षं झाली. तिला शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

यंदा पावसाळ्यात नगरपालिकेचा माणूस हातगाडीवर रोपं घेऊन आला. प्रत्येक घराला एक. मी ओट्यावर बसलो होतो. सिस्टरच्या दारात त्याने निंबाचं रोप पुढे केलं. सिस्टरने हात मागे घेतले.

"मले नको बाप्पा. माह्या हातचं झाड जगत नाई. पुऱ्या गल्लीले मालूम हाये."

तो माणूस हसला. "फुकट आहे मावशी, घ्या."

"फुकट असो. मराले काऊन नेऊ त्याले?"

त्या हसत नव्हत्या. मला आजवर वाटत होतं की गल्ली त्यांना दोष देते आणि त्या तो मुकाट्याने सोसतात. त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला आहे हे मला त्या दिवशी कळलं. ज्या हातांनी त्यांनी अर्ध्या तालुक्याची बाळंतपणं केली, त्या हातांत त्या रोप घ्यायला तयार नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मी पाणी न पिता सांगितलं. सांगायला वेळ लागला नाही. त्यांनी मधे थांबवलं नाही. संपल्यावर दवाखान्यात नव्या पेशंटला विचारावं तसं विचारलं.

"किती भोकं?"

"पाच."

"कव्हा?"

"गणपती उठल्यावर. ती माहेरी होती तेव्हा."

"वहिनीले मालूम होतं?"

"नाही."

मग म्हणाल्या, "त्या गेल्या तव्हा मी तुमच्या दारात येऊन उभी राह्यलती. आत नाई आली. म्हटलं त्यायले आवडणार नाई." आणि म्हणाल्या, "जा आता, भाऊ."

मी घरी आलो. हलकं वाटेल असं लोक म्हणतात. तसं काही वाटलं नाही.

तीन दिवसांनी त्या आमच्या फाटकाशी आल्या. आत आल्या नाहीत. "मले एकटीले सांगून काय फायदा? मले बोलले ते सगळे. नळ येईन तव्हा सांगा, सगळी गल्ली रस्त्यावर असते."

नळ आला तो सहाव्या दिवशी सकाळी. ड्रम, पाइप, बादल्या घेऊन सगळे बाहेर होते. मी मधे उभा राहून सांगितलं की निंब मी मारला, सिस्टरचा काही संबंध नाही, आणि झाडांना मोरीचं पाणी चालतं. दोन-तीन बायकांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाइपाकडे वळल्या. एक म्हणाली, "राहू द्या ना बाबा, जुन्या गोष्टी." गुरुजी म्हणाले, "साहेब, वय झालं तुमचं. सिस्टरचं मन राखायला बोलताय, चांगलं आहे. पण साबणाने झाड मरतं हे तुम्हीच दाखवलं आम्हाला. माती उकरून दाखवली."

त्यांच्यापुढे ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं. बुंधा मीच खणून काढला होता. माझ्या खोट्याला माझ्या नोकरीचं वजन होतं. खऱ्याच्या मागे फक्त माझं वय उरलं होतं.

सिस्टर आपल्या दारात ड्रम भरत होत्या. नळ गेल्यावर म्हणाल्या, "लिहून द्या. आपले लोक बोलण्याले नाई मानत, कागदाले मानतात. सही करा खाली."

म्हणून हे लिहिलं. चार दिवस लागले. इथपर्यंतचं लिहून झाल्यावर आधी त्यांना दाखवायला नेलं. त्यांनी चष्मा लावून ओट्यावर बसून वाचलं. बोट ओळीखालून फिरत होतं. शेवटी म्हणाल्या, "एक राह्यलं यात."

"काय?"

"गुरुजीच्या मोरीचा पाइप तुमी लिहिला, नालीत वळवला म्हणून. वळवाच्या आंधी तो कोठी जाये?"

मी गुरुजींच्या घराकडे पाहिलं.

"त्याच निंबाले जाये. साबण त्यायच्याही घरी होता. मंग माह्याच पाण्यानं कसा मेला? हे लिहा, भाऊ. याच्याबिगर बाकीचं निस्तं झाडाचं होते."

तेही लिहितो. गुरुजींच्या मोरीचं पाणी वर्षानुवर्षं आमच्या निंबाच्या डाव्या बाजूला मुरत होतं, आणि ते सिस्टरच्या बादलीपेक्षा जास्त होतं. मी साबण म्हणालो तेव्हा कोणीही त्या पाइपाकडे पाहिलं नाही. सगळ्यांनी सिस्टरच्या बादलीकडे पाहिलं. आमच्या गल्लीत बौद्ध घर ते एकच आहे. निंब देवीचं झाड, त्याला कुणाच्याही घरचं पाणी कसं चालेल, हे पुढे दारादारांत बोललं गेलं. अर्ध्या आवाजात, पण मला ऐकू येईल इतक्या. माझ्या घरातही एकदा बोललं गेलं. मी नाही म्हणालो नाही. त्यांची जात मी स्वतः कधी उच्चारली नाही, कारण मला उच्चारावी लागली नाही. खुरपं हातात घेऊन, माती चिमटीत धरून मी साबण म्हणालो, तेव्हा लोकांच्या नजरा कुठे जातील हे मला माहीत होतं. त्या तिकडे जाव्यात म्हणूनच मी तसं म्हणालो. झाड मारलं ते गाळ्यांसाठी. हे मात्र स्वतःला वाचवण्यासाठी केलं, आणि मला वाचवायला गल्ली तयारच होती.

हे वाचून सिस्टर म्हणाल्या, "हाव. आता बरोबर झालं." कागद मला परत दिले. "गुरुजीले मी नाई देणार. तुमी द्या."

मी झेरॉक्स काढून खाली सही केली आणि गुरुजींकडे गेलो. त्यांनी उभ्यानेच वाचायला सुरुवात केली. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. मग खुर्चीत बसले. शेवटचं पान त्यांनी दोनदा वाचलं. वाचून झाल्यावर चष्मा काढला आणि पेनाचं टोपण लावलं.

"निंबाचं मानलं," ते म्हणाले. "पण हे शेवटचं तेवढं काढता आलं तर बघा."

मी म्हणालो, ते राहील.